बांधाच्या पलीकडची बाई

"आवाज गोड आहे हो म्हातारीचा. पण हेल ऐकलात? लगेच कळतं, कुठल्या आळीची ते."

काकू हे सरांना सांगत होत्या. माझ्या पाठीमागं, दोन हातांवर. माझ्या कानांवर हेडफोन होते, त्यामुळे मला ऐकू येत नाही असं त्यांना वाटलं. हेडफोनमध्ये काहीच चालू नव्हतं. मी पुष्कळदा असे मुके हेडफोन लावून बसते. कुणी उगाच बोलायला येत नाही.

सर, आमच्या स्टुडिओचे मालक, हसले. म्हणाले, "असू दे की काकू. लोकांना अस्सल हवंय. फारच खटकलं तर पुण्याच्या एखाद्या मुलीकडून म्हणवून घेऊ. चाल तर आलीच आहे आपल्याकडं."

माझ्यासमोर स्क्रीनवर कांद्याचं रान होतं. मी पातीला हिरवा रंग देत होते. रंग देऊन झालेल्या पातीवरूनच पेन फिरवत राहिले. मान वळवली नाही.

ती म्हातारी माझी आत्या. माझ्या वडिलांची सख्खी थोरली बहीण. त्या खोलीत ही गोष्ट मला एकटीला माहीत होती.

आमचा स्टुडिओ बारामतीत, भिगवण रस्त्याला, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर. आठ माणसं. लग्नाच्या व्हिडिओ-पत्रिकांपासून खताच्या जाहिरातींपर्यंत मिळेल ते ॲनिमेशन करतो. गेल्या वर्षी मोठं काम आलं. आमच्या भागातून पुण्याला, बंगळुरूला, परदेशात गेलेल्या लोकांचं एक मंडळ आहे. त्यांची मुलं तिकडं वाढतायत. त्यांना खुरपं माहीत नाही, पिकाला पाणी कसं धरतात माहीत नाही. आजी फोनवर काय बोलते तेही त्यांना धड कळत नाही. त्या मुलांसाठी गावाकडच्या छोट्या छोट्या फिल्म करायच्या. चित्रातली माणसं हलली की मुलं बघतात, एरवी बघत नाहीत, असं मंडळाचं म्हणणं होतं. खरंच होतं ते.

गोष्टी काकू लिहिणार होत्या. काकू म्हणजे निवृत्त शिक्षिका, सरांच्या शाळेतल्या. माहेर निमगाव केतकीचं, मोठं बागायती घर. सर त्यांना काकू म्हणायचे म्हणून आम्ही सगळेच म्हणायचो. वाईट नव्हत्या. माझ्या डब्यात काय आहे ते रोज विचारायच्या. स्वतःच्या डब्यातलं मला द्यायच्या. माझ्या डब्यातलं कधी घेतलं नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. पण त्यांना मी कोण ते माहीत नव्हतं. की माहीत होतं? मला अजून ठरवता येत नाही.

पहिली फिल्म खुरपणीच्या गाण्यांवर. सरांनी मीटिंगमध्ये विचारलं, "अशी गाणी येणारी कुणी बाई आहे का माहितीत?"

मी हात वर केला. दोन वर्षांत पहिल्यांदा. सगळे माझ्याकडं वळले तेव्हा माझे कान तापले.

"निमगावला एक मजूर बाई आहेत," मी म्हणाले. "ओळखीच्या आहेत."

ओळखीच्या. हा शब्द मी ठरवून आणला नव्हता. तो तयारच होता तोंडात.

किती वर्षांपासून तयार होता, ते सांगते.

मी चौथीत होते. शाळा इंग्रजी माध्यमाची. वडील सरकारी कचेरीत कारकून. आमचं मूळ गाव कऱ्हाटी, आत्याचं सासर निमगाव. आडनाव असं, की त्यावरून काही कळत नाही. शाळेत घालताना वडिलांनी सांगितलं होतं, "आपण कोण हे आपण होऊन सांगायचं नाही. विचारलं तर अर्धं सांगायचं." निळ्या कोटातला फोटो आमच्या घरात होता, पण आतल्या खोलीत. बाहेरच्या खोलीत बर्फाच्या डोंगरांचं कॅलेंडर. माझ्या मैत्रिणी बाहेरच्या खोलीत बसायच्या. तिच्या पलीकडं त्यांना कधी नेलं नाही.

एका दुपारी मधल्या सुट्टीत आत्या शाळेच्या फाटकापाशी आली. लुगडं, प्लास्टिकच्या चपला, डोक्यावर शेंगांचं गाठोडं. बाजाराला आली होती, म्हणून वाट वाकडी करून भाचीला बघायला आली. तिनं मला लांबून ओळखलं. हात वर केला. माझ्याबरोबर दोन मैत्रिणी होत्या.

"कोण गं ही?" एकीनं विचारलं.

मी म्हणाले, "आमच्याकडे कामाला येते."

आत्या तोवर जवळ आली होती. तिनं ऐकलं. तिचा हात हवेतच होता, तो तिनं गाठोड्याला लावला. जणू त्याच्यासाठीच वर केला होता. आणि मैत्रिणींकडं बघून मोठ्यानं म्हणाली, "व्हय बाई, कामालाच येते. साह्यबांनी शेंगा द्याया धाडलंय."

साहेब म्हणजे माझे वडील. तिचा धाकटा भाऊ. ज्याला तिनं कडेवर वागवलं तो.

तिनं गाठोडं सोडून ओंजळभर शेंगा माझ्या स्कर्टमध्ये ओतल्या आणि गेली. वडिलांना कधी सांगितलं नाही. मला कधी टोचलं नाही. दिवाळीला आली तेव्हा नेहमीसारखी तेल लावून माझी वेणी घातली. एखादी चापट मारली असती तर बरं झालं असतं. मी वाट बघत होते चापटीची. सबंध दिवाळी.

एवढं मनात असून मी तिला स्टुडिओत बोलावलं. फोनवर सांगितलं, तुझी गाणी हवीत, मुलांसाठी फिल्म करतोय. तिनं एकच विचारलं.

"सानू बघंल का ते?"

सानू तिची नात. बंगळुरूला असते. आत्याचा मुलगा तिकडं इंजिनिअर आहे. सानूला मराठी समजतं तेवढं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. आत्या रविवारी व्हिडिओ कॉलवर फोन कपाळाशी धरून बसते, आणि दोघी एकमेकींकडं बघून हसत राहतात. बोलायला काही नसतं.

"तिच्यासाठीच आहे," मी म्हणाले.

"मग येते," आत्या म्हणाली.

रेकॉर्डिंगच्या दिवशी मी तिला एसटी स्टँडवरून आणलं. रिक्षात माझा हात धरून बसली होती. "लई वाळलीस गं. जेवती का न्हाय? तुझ्या बापाला सांगते थांब." जिन्यापर्यंत बडबड चालू. शेवटच्या पायरीवर तिनं माझा हात सोडला. पदर डोक्यावर घेतला. आत गेल्यावर सगळ्यांना हात जोडले. आणि माझ्याकडं वळून, खाली बघत विचारलं, "म्याडम, कुठं बसू?"

मी तिला काही सांगितलं नव्हतं. एक शब्द नाही. तिनं फाटकापाशी जे शिकून घेतलं होतं, ते ती विसरली नव्हती.

मला तेव्हाच म्हणता आलं असतं. आत्या, असं काय म्हणतेस. चार शब्द. मी म्हणाले, "इथं बसा."

चहा मी केला. आमच्याकडं प्रत्येकाचा नाव घातलेला मग आहे, आणि पाहुण्यांसाठी दोन पांढरे कप, सोनेरी काठाचे. माझा हात पांढऱ्या कपाकडं गेला. मग तिथून शेजारच्या कागदी कपांच्या चळतीकडं वळला. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी बघतही नव्हतं. मी कागदी कपात चहा ओतला आणि तिच्यापुढं ठेवला. काकूंना पांढऱ्या कपात दिला.

आत्यानं कप बघितला. मग माझ्याकडं.

"बरं केलं म्याडम. ह्याला धुवायचं काम न्हाय."

मग ती गायली. मी काचेच्या अलीकडं होते. लहान होते तेव्हा ती गुणगुणायची ते मी ऐकलं होतं. पण असं मोकळं, रानात म्हणावं तसं गळा सोडून कधी ऐकलं नव्हतं. ती एक ओळ म्हणायची आणि थांबायची. ज्या बायकांनी ती ओळ झेलायची त्या बायका आता नव्हत्या. ती तेवढा वेळ गप्प राहायची, मान हलवत, आणि मग पुढची ओळ.

*पात माझी पुढं गं, पात तुझी मागं*
*उन्हाला म्हणावं बाई, जरा मायेनं वाग*

पात म्हणजे खुरपताना एकेकीच्या वाट्याला येणारी ओळ. हे मला तिनंच सांगितलं. तिसरं कडवं असं होतं:

*बांधाच्या अलीकडं, भाकरीचा घास*
*बांधाच्या पलीकडं, पाण्याची आस*

काकू म्हणाल्या, "तिसरं नको. लांबतं. आणि जरा रडकं आहे." सरांनी मान डोलावली. मलाही वाटलं, दोन कडवी पुरे. मला ते कडवं दुष्काळाचं वाटलं होतं. इतकी मी शिकलेली.

दोन दिवसांनी काकूंचं ते वाक्य कानावर आलं, हेल आणि आळीचं. हेडफोन काढून मागं वळायला मला जागा होती. मी वळले नाही. संध्याकाळी घरी येऊन बेसिनपाशी तोंड धुत राहिले. आईनं विचारलं, डोळ्यांत काय गेलं. मी म्हणाले, स्क्रीनमुळं.

मग मी एक गोष्ट केली, जी मला तेव्हा फार चांगली वाटली होती.

काकूंनी लिहिलेल्या गोष्टीत दुपारच्या जेवणाचा प्रसंग होता. लिंबाखाली बायका गोल बसल्यात, भाकरी सोडल्यात, मालकीण स्वतः कालवण वाढतेय. काकूंची लहानपणची आठवण. त्या सांगायच्या तेव्हा त्यांचे डोळे भरून यायचे. "आमच्या रानात सगळ्या एकत्र जेवायच्या. माझी आई स्वतः वाढायची सगळ्यांना." हा प्रसंग मी काढणार होते. आणि मी ठरवलं, त्या गोलात मधोमध आत्याला बसवायचं. कुणाला न सांगता. तिचं गोंदण, तिचं नाक, हसताना डोळे मिटायची लकब. पुढं लिंबाची सावली हलते, मालकीण तिच्या भाकरीवर कालवण घालते, शेजारची बाई तिच्या खांद्यावर हात ठेवते. आठ दिवस मी त्यावर घालवले. मला वाटलं, कागदी कपाचं थोडं तरी फिटेल. नाव नाही सांगता आलं, पण चित्रात तरी मानानं बसवली.

रविवारी लॅपटॉप घेऊन मी निमगावला गेले. आत्याचं आता स्वतःचं दीड एकर रान आहे, डाळिंब लावलंय. घर पक्कं. निळ्या कोटातला फोटो बाहेरच्या खोलीत, दारातून आत पाऊल टाकलं की समोर. तिनं चष्मा पुसला, पदरानं स्क्रीनही पुसली. मी फिल्म लावली.

आपला आवाज ऐकून ती लाजली. कांद्याचं रान बघून म्हणाली, "आगं बाय, पात कशी हालती बघ." खुरपं धरायची मूठ बघून म्हणाली, "अंगठा वर घ्याया पाहिजे व्हता." मग जेवणाचा प्रसंग आला. ती पुढं वाकली.

"ही कोण?"

"तू. ओळखलं नाहीस?"

तिनं पुन्हा बघितलं. मग मागं सरकून बसली.

"त्वांड माझं हाय. पर ही बाई मी न्हाय. मी तितं कधी बसलेच न्हाय."

"म्हणजे?"

"म्हंजी काय? पात एकच व्हती. खुरपताना शेजारी-शेजारी. गाणं मी म्हणायची, समद्या झेलायच्या. जेवायची येळ झाली की त्या लिंबाखाली, आन मी बांधाच्या पलीकडं. उन्हात. गाण्यात सांगितलंय की तुला, ते रेकॉड केलं न्हाय का?"

केलं होतं. काढून टाकलं होतं.

"आणि काकू म्हणतात त्यांची आई सगळ्यांना वाढायची," मी म्हणाले. काकू कुणाच्या, कुठल्या घरच्या, ते सांगितलं. आत्यानं ते घर लगेच ओळखलं.

"वाढायची की. खोटं न्हाय बोलत ती. तिच्या आईच्या हातचं कालवण लई चांगलं. वरनं वाढायची." तिनं हात खांद्याच्या उंचीला नेऊन दाखवला. "हितनं."

मला कळलं नाही असा चेहरा झाला असेल माझा. ती उठली, आतून पाण्यानं भरलेला तांब्या आणला. अंगणात नेलं मला.

"हो उभी." आणि स्वतः माझ्यासमोर उकिडवी बसली. सत्तरीला टेकलेली बाई, गुडघे दुखणारी. दोन्ही हातांची ओंजळ करून तोंडाशी धरली. "वत पाणी."

मी वाकून ओतायला गेले.

"वाकू नगं. त्या वाकत न्हवत्या. वरनं."

मी सरळ झाले.

"आजून वर. तांब्याचा काठ माझ्या हाताला लागंल. आजून."

माझा हात खांद्यापर्यंत गेला. पाणी तिच्या ओंजळीत पडलं, निम्मं छातीवर उडालं. तिनं दोन घोट घेतले. लुगडं भिजलं. वर माझ्याकडं बघत म्हणाली, "आस्सं. आता काढ."

मी तांब्या खाली ठेवला. आपल्याच हाताकडं बघितलं. तो हात मला ओळखीचा होता. पांढऱ्या कपाकडून कागदी कपाकडं वळलेला हाच.

"आत्या, मला वाटलं तुला बरं वाटेल," मी म्हणाले. "तू त्यांच्यात बसलेली."

"मला का तुला?"

मी तांब्या उचलून उंबऱ्याशी नेऊन ठेवला.

ती पायरीवर बसून गुडघा चोळू लागली. चिडली नव्हती. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"सानू हे बघंल. तिला वाटंल, आज्जी सावलीत बसून गोडीगुलाबीनं जेवत व्हती. मग मी तिच्या बापाला शाळंपायी रानात का येऊ दिलं न्हाय, ते तिला कसं कळायचं? म्हणंल, एवढं चांगलं व्हतं तर गाव सोडलं कशाला." मग म्हणाली, "तू फाटकापाशी बोललीस तवा ल्हान व्हतीस. मी म्हणलं, असू दे, पोरीला शाळंत ऱ्हायचंय. आता ल्हान न्हाईस."

सोळा-सतरा वर्षांनी चापट आली. ती अशी.

मी परत जाऊन प्रसंग नव्यानं काढला. चार दिवस लागले. लिंबाखाली गोल तसाच ठेवला, आत्याला त्यातून उचललं आणि बांधाच्या पलीकडं ठेवलं. उन्हात. तिची ओंजळ. वरून पाण्याची धार. ॲनिमेशनमध्ये हात काढायचा असला की आम्ही आपलाच हात कॅमेऱ्यासमोर धरून चित्रण करतो आणि त्यावरून काढतो. मी तांब्या धरून हात खांद्यापर्यंत उचलला, मोबाइलवर चित्रण केलं, आणि त्यावरून तो ओतणारा हात काढला. वर हिरव्या बांगड्या घातल्या. पण मनगट माझं. बोटं माझी. तिसरं कडवंही परत लावलं.

सरांनी बघितलं. दोनदा बघितलं.

"काम सुंदर आहे," ते म्हणाले. "पण हे काय मध्येच? मुलांसाठी आहे गं ही फिल्म. त्यांना गावाबद्दल प्रेम वाटायला पाहिजे."

काकू चष्मा लावून पुढं आल्या. प्रसंग शेवटपर्यंत बघितला. मग म्हणाल्या, "असं नव्हतं आमच्याकडं. माझी आई स्वतः वाढायची."

वरून. हा शब्द माझ्या दातांपर्यंत आला आणि तिथंच राहिला.

"आणि असलं कुठंतरी असेलही," सर म्हणाले, "पण आता कुठं राहिलंय ते? कशाला उकरायचं? त्या बाईनं काही सांगितलं का तुला? या बायका कधीकधी वाढवून सांगतात." मग माझा चेहरा बघून मवाळ झाले. "डिलीट नको करूस. कष्ट घेतलेस. नुसता लेयर बंद ठेव. पहिला गोल चालू कर."

लेयर म्हणजे चित्राचा एकेक थर. प्रत्येक थरासमोर डोळ्याचं छोटं चिन्ह असतं. ते दाबलं की तो थर फाइलमध्ये असतो, पण दिसत नाही; त्याच्याखालचा दिसू लागतो.

मी दाबलं. सरांनी नाही, काकूंनी नाही. माऊस माझ्या हातात होता. आत्या बांधाच्या पलीकडून नाहीशी झाली, तिसरं कडवंही गेलं, आणि ती लिंबाखाली पुन्हा हसत बसली.

त्या आठवड्यात मी आत्याचे दोन फोन उचलले नाहीत.

शनिवारी मंडळाचे लोक बघायला आले. पुण्याहून तिघं, त्यातल्या एकाबरोबर त्याची दहा वर्षांची मुलगी. सरांनी सगळ्यांना पांढऱ्या कपांतून चहा द्यायला सांगितलं, दोन कप कमी पडतात म्हणून नवे आणले होते. मी मोठ्या टीव्हीला जोडलेल्या मशीनवर बसले होते. फिल्म लावणं माझं काम.

आत्याचा आवाज सुरू झाला. पुण्याची मुलगी घेतली नव्हती, मंडळाला नमुना आवडला होता म्हणून. काकूंनी डोळे मिटले. बायका खुरपत पुढं सरकल्या. मग लिंबाची सावली, गोल, कालवण, खांद्यावर हात. फिल्म संपली. मी ते चित्र स्क्रीनवर थांबवून ठेवलं.

ती मुलगी वडिलांच्या खुर्चीला टेकून उभी होती.

"पप्पा, सगळ्या एकत्र जेवायच्या? सो स्वीट!"

काकूंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "हो बाळा. आपल्या गावात असलं काही नव्हतंच कधी."

असलं काही म्हणजे काय, ते त्या मुलीनं विचारलं नाही. खोलीतल्या मोठ्या माणसांनाही विचारावं लागलं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या.

मी त्या मुलीकडं बघत होते. तिनं विश्वास ठेवला होता. माझ्या चित्रावर. ती हे घरी नेणार, मैत्रिणींना सांगणार. सानूही असाच ठेवणार. मी इतकं चांगलं काढलं होतं, की कुणीही ठेवला असता.

मुलीच्या वडिलांनी विचारलं, "आणि या गाणाऱ्या आजी कोण?"

"एक मजूर बाई," सर म्हणाले. "हिनं शोधली. हिच्या ओळखीची आहे."

सगळे माझ्याकडं वळले. माझे कान तापले. नेहमीसारखंच सगळं झालं. काही वेगळं बळ वगैरे आलं नाही. मी फक्त फिल्म बंद करून मूळ फाइल उघडली, आणि बंद केलेल्या थरासमोरचं डोळ्याचं चिन्ह दाबलं. लिंबाखालचा गोल तसाच राहिला, मधली जागा रिकामी झाली. आणि बांधाच्या पलीकडं ती आली. उकिडवी. ओंजळ तोंडाशी. वर पाण्याची धार.

"अगं, हे काय लावलंस?" सर म्हणाले. "ते नाही, पहिलं."

मी उभी राहिले. माझा आवाज फार मोठा नव्हता, पण खोली लहान होती. जे म्हणाले ते असं:

"ओळखीची नाही. ही माझी सख्खी आत्या आहे. आम्ही बौद्ध आहोत, हे मी इथं दोन वर्षं लपवलं. ती इथं येऊन मला मॅडम म्हणाली, आणि मी म्हणू दिलं. कागदी कपात तिला चहा मी दिला. सावलीतलं ते चित्र खोटं आहे, तेही मीच काढलंय. काकू, तुमची आई वाढायची हे खरं आहे. वरून वाढायची. सर, माझी आत्या बांधाच्या पलीकडंच बसेल आणि तिसरं कडवंही राहील. नसेल ठेवायचं तर तिचा आवाज काढा, माझी चित्रंही काढा. मी आता हा थर बंद करणार नाही. आणि तो पाणी ओतणारा हात माझ्या हातावरून काढलाय. तोही मी पुसणार नाही."